न लिहिलेल्या ग्रंथाचा कर्ता

मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात एक नाव हमखास भेटते. फेर्दिनां द सोस्यूर. ‘आधुनिक भाषाविज्ञानाचा जनक’ ही त्याच्या नावामागे लागलेली उपाधी विद्यार्थी पाठ करतो, चिन्हक आणि चिन्हित यांवर टीप लिहितो आणि पुढे जातो. ज्या ग्रंथामुळे ही उपाधी त्याला मिळाली तो ग्रंथ सोस्यूरने लिहिलेला नाही, ही गोष्ट मात्र बहुधा तळटीपेतच राहते. तो ग्रंथ प्रसिद्ध झाला १९१६ साली. त्याआधी तीन वर्षे सोस्यूर मरण पावला होता. ज्या दोघांनी तो सिद्ध केला, त्यांनी ती व्याख्याने स्वतः ऐकलेली नव्हती. माणसाच्या भाषेविषयीचा विसाव्या शतकातला सारा विचार ज्या पुस्तकापाशी सुरू होतो, त्याची ही जन्मकथा काहीशी चमत्कारिक आहे.

सोस्यूरचा जन्म २६ नोव्हेंबर १८५७ रोजी जिनिव्हात झाला. घराणे श्रीमंत, जुने आणि विज्ञानाच्या ध्यासाने पछाडलेले. पणजोबा ओरास-बेनेदिक्त हे भूगर्भशास्त्रज्ञ होते. आल्प्समधील माँ ब्लाँ या शिखरावर प्रथम चढणाऱ्यासाठी त्यांनी बक्षीस लावले होते. १७८६ मध्ये ते शिखर सर झाल्यावर दुसऱ्याच वर्षी ते स्वतः उपकरणे घेऊन वर गेले. वडील आंरी हे कीटकशास्त्रज्ञ. नऊ भावंडांत फेर्दिनां सर्वांत थोरला. एक भाऊ चित्रकार झाला. दुसरा, लेओपोल, फ्रेंच नौदलात अधिकारी होता आणि चीनच्या प्राचीन खगोलविद्येचा अभ्यासक होता. तिसऱ्याची, म्हणजे रनेची, गोष्ट मोठी गमतीची आहे. तो गणिती असून ‘एस्पेरान्तो’ या कृत्रिम भाषेचा कट्टर पुरस्कर्ता होता. भाषा कोणा एकाच्या इच्छेने घडत नाही, असे थोरला भाऊ वर्गात शिकवत असे, आणि धाकटा भाऊ एका माणसाने बसून तयार केलेल्या भाषेच्या शब्दसिद्धीचे नियम पक्के करण्यात गढलेला असे!

घराण्याचे स्नेही आदोल्फ पिक्ते हे भाषेच्या आधारे आर्यभाषिक पूर्वजांच्या जीवनाचा शोध घेणारे विद्वान होते. त्यांच्या सहवासात या मुलाला भाषांचे वेड लागले. चौदा-पंधराव्या वर्षी त्याने एक निबंध लिहून पिक्ते यांच्याकडे पाठवला. ग्रीक, लॅटिन आणि जर्मन या भाषांतील सगळे शब्द दोन-दोन व्यंजनांच्या मोजक्या धातूंपासून निघाले आहेत, असे त्यात सिद्ध केले होते. पिक्ते यांनी हसण्यावारी न नेता मायेने समजूत घातली आणि सर्व भाषांना एकाच सूत्रात बांधण्याच्या मोहापासून सावध केले. मुलगा थोडा हिरमुसला. पण त्याचे वेड काही गेले नाही.

पुढच्याच एक-दोन वर्षांत शाळेत ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा उतारा वाचताना क्रियापदाचे एक रूप त्याला खटकले. जिथे ‘न’ अपेक्षित होता तिथे ‘अ’ आला होता. शेजारी व्यंजन असल्यामुळे ‘न’ला स्वराचे काम करावे लागले असेल आणि पुढे त्याचाच ‘अ’ झाला असेल, असा तर्क त्याने केला. संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला हे चटकन उमगेल. लॅटिनमध्ये दहाला ‘देकेम’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘देका’ आणि संस्कृतात ‘दश’. लॅटिनमधले अनुनासिक इतर दोन भाषांत लोपले आणि त्याच्या जागी ‘अ’ उरला. ‘केन्तुम’ आणि ‘शत’ यांचे नातेही असेच. मुलाला वाटले, ही गोष्ट विद्वानांना ठाऊक असणारच. १८७६ साली तो लाइपझिगला गेला तेव्हा कार्ल ब्रुगमान यांच्या याच शोधाची तिथे सर्वत्र चर्चा चालू होती! हाती आलेले श्रेय असे निसटले. त्याबद्दल त्याने गाजावाजा केला नाही. पण ती बोच अखेरपर्यंत राहिली, हे त्याने नंतर लिहून ठेवलेल्या आठवणींवरून दिसते.

लाइपझिगला येण्यापूर्वी घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याने एक वर्ष जिनिव्हा विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांत घालवले होते. ते वाया गेले असे म्हणता येत नाही. डिसेंबर १८७८ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने जो प्रबंध प्रसिद्ध केला त्याची मांडणी रसायनशास्त्रज्ञाला शोभेल अशीच आहे. विषय होता मूळ इंडो-युरोपीय भाषेतील स्वरांची व्यवस्था. याच प्रबंधात त्याच्या बुद्धीची खरी झेप दिसते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना धातूंचे दहा गण आठवत असतील. ‘युज्’ धातूचे ‘युनक्ति’ हे सातव्या गणातले रूप. इथे धातूच्या शेवटच्या व्यंजनाआधी ‘न’ घुसतो. ‘पू’ म्हणजे पवित्र करणे. त्याचे नवव्या गणातले रूप ‘पुनाति’. इथे ‘ना’ धातूच्या पुढे लागतो आणि धातूतला दीर्घ ‘ऊ’ ऱ्हस्व होतो. पाणिनीने या ऱ्हस्वत्वासाठी वेगळा नियम दिला आहे. सोस्यूरला हे दोन गण वेगळे वाटलेच नाहीत. त्याने असे धरले की ‘पू’च्या शेवटी एकेकाळी आणखी एक ध्वनी होता, जो आता कोणत्याच भाषेत ऐकू येत नाही. ‘युज्’मध्ये ‘ज्’च्या आधी ‘न’ शिरतो तसा ‘पु’ आणि तो हरवलेला ध्वनी यांच्या मध्ये ‘न’ शिरला. हरवलेला ध्वनी लोपताना मागच्या स्वराला दीर्घ करून गेला. म्हणून एकीकडे ‘पू’ आणि दुसरीकडे ‘पुना’. अपवाद वाटणारी गोष्ट नियमात बसली. मात्र त्यासाठी कोणीही न ऐकलेला ध्वनी मानावा लागला.

जर्मन विद्वानांना हे फारसे रुचले नाही. हेर्मान ओस्टहॉफ यांनी तर कठोर टीका केली. ज्याचा एकही शिल्लक पुरावा नाही असा ध्वनी केवळ हिशेब जुळतो म्हणून कसा मानायचा, हा आक्षेप वरवर पाहता रास्तच होता. उत्तर मिळाले ते तुर्कस्तानातील बोगाझकोयच्या उत्खननातून. तिथे सापडलेल्या भाजक्या विटांवरची हित्ती भाषा इंडो-युरोपीय कुळातली आहे, हे बेदजिख ह्रोझनी यांनी १९१५ मध्ये दाखवले. पोलंडच्या येझी कुरिवोविच यांनी १९२७ मध्ये सांगितले की हित्ती लेखांत कंठातून येणारा ‘ह’सारखा जो ध्वनी लिहिलेला आहे, तो नेमका सोस्यूरने कल्पिलेल्या जागी येतो. संस्कृतात रक्षण करणे या अर्थी ‘पा’ आहे. हित्तीत त्याचा भाऊबंद ‘पह्स्’ असा आहे. दीर्घ ‘आ’च्या जागी तो हरवलेला ध्वनी तिथे जिवंत आहे. गणिताने आधी नेपच्यून ग्रह सांगावा आणि मग दुर्बिणीला तो दिसावा, त्याच जातीची ही घटना. फक्त ती पाहायला सोस्यूर राहिला नव्हता.

त्या प्रबंधानंतर लाइपझिगच्या एका प्राध्यापकांनी या कोवळ्या विद्यार्थ्याला, प्रसिद्ध सोस्यूर तुमचे कोणी लागतात का, असे विचारल्याची आख्यायिका सांगतात. १८८० मध्ये त्याला डॉक्टरेट मिळाली तीही संस्कृतच्या विषयावर. आपल्याकडे ‘सति सप्तमी’ सर्वांना परिचयाची असते. तिची धाकटी बहीण म्हणजे अनादरार्थी षष्ठी. रडणाऱ्या आप्तांची पर्वा न करता तो निघून गेला, अशा अर्थी वापरली जाणारी. त्या षष्ठीच्या वापरावर त्याने लिहिले. पहिल्या ग्रंथाच्या मानाने हे काम लहान आणि बेताचे वाटते. पण प्रयोग नेमका कुठे होतो आणि शेजारच्या प्रयोगाहून तो कशाने वेगळा ठरतो, हे पाहण्याची सवय त्यात स्पष्ट दिसते.

पुढे पॅरिस. १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी, तिथल्या एकोल प्रातिक या संस्थेत तो गॉथिक आणि प्राचीन जर्मन शिकवू लागला. दहा वर्षांत त्याच्या हाताखालून फ्रान्समधील भाषाभ्यासकांची एक पिढीच तयार झाली. त्यांतले सर्वांत मोठे नाव आंत्वान मेये. मेये यांचे विद्यार्थी झ्यूल ब्लोक, आणि मराठीच्या जडणघडणीवर पहिला शास्त्रशुद्ध ग्रंथ लिहिणारे तेच हे ब्लोक. तो फ्रेंच ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, पुढे मराठीतही आला. आपल्या भाषेच्या इतिहासाची जी शिस्तबद्ध मांडणी आपण आज गृहीत धरतो, तिची गुरुपरंपरा अशी सोस्यूरच्या पॅरिसमधल्या वर्गापर्यंत जाते. मराठी भाषाभ्यासाच्या चर्चेत हा दुवा फारसा उच्चारला जात नाही, याचे नवल वाटते.

१८९१ मध्ये तो जिनिव्हाला परतला. पुढच्या वर्षी मारी फेश हिच्याशी विवाह झाला. आयुष्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सुमारे एकवीस वर्षे, तो तिथे संस्कृत शिकवत राहिला. बाहेरून पाहणाऱ्याला हे आयुष्य संथ आणि सुखवस्तू वाटावे. आतून मात्र तो लेखनापुरता जवळजवळ मुका झाला होता. प्रसिद्ध झालेले लेख दिवसेंदिवस कमी होत गेले. १८९४ मध्ये मेये यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपली कोंडी उघड केली आहे. भाषेविषयी दहा ओळी अर्थपूर्ण लिहायच्या तरी आधी भाषाविज्ञानातल्या साऱ्या संज्ञा तपासाव्या लागतात आणि त्यांतली एकही धड नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी वारले. भाषा ही समाजाने चालवलेली संस्था आहे, हा त्यांचा विचार सोस्यूरला फार मोलाचा वाटे. त्यांच्यावर लेख लिहायला घेतला, पानेच्या पाने खरडली आणि ती तशीच ठेवून दिली.

ज्या गोष्टींत तो रमला त्या काहीशा आडवाटेच्या होत्या. जिनिव्हात एलेन स्मिथ या टोपणनावाने ओळखली जाणारी एक स्त्री समाधीत जाऊन मंगळावरची भाषा बोले. पूर्वजन्मी आपण कानडा मुलुखातील चंद्रगिरीच्या राजाची राणी होतो असे सांगून ती ‘संस्कृत’ही बोले. मानसशास्त्रज्ञ थेओदोर फ्लुर्न्वा तिचा अभ्यास करत होते. त्यांनी संस्कृतच्या प्राध्यापकालाच बोलावले. १८९७ मध्ये सोस्यूर त्या बैठकीला गेला आणि तिचे बोल गांभीर्याने तपासले. ते संस्कृत नव्हते, हे उघड होते. पण फ्रेंचमध्ये सर्रास येणारा आणि संस्कृतात नसलेला ‘फ़’ हा दंत्योष्ठ्य ध्वनी तिच्या बोलण्यात कुठेच येत नाही, ही गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली नाही. भाषा येत नसतानाही तिचा बाह्य आकार मनात कसा घर करतो, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. एखादा पंडित थट्टा करून मोकळा झाला असता.

दुसरे वेड १९०६ ते १९०९ या काळातले. जुन्या लॅटिन कवितांत देवांची आणि वीरांची नावे अक्षरे विखरून गुप्तपणे गुंफलेली असतात, असे त्याला दिसू लागले. वैदिक सूक्तांतही त्याने तसा शोध घेतला. शंभराहून अधिक वह्या भरल्या. मग मनात शंका आली की, ही रचना खरोखर कवीची की आपल्याच डोळ्यांचा खेळ? लॅटिनमध्ये काव्य करणारे इटालियन कवी जोव्हान्नी पास्कोली त्या वेळी हयात होते. सोस्यूरने १९०९ मध्ये त्यांनाच विचारले. दुसऱ्या पत्रानंतर त्यांच्याकडून उत्तर आल्याचे दिसत नाही. त्याने वह्या मिटल्या आणि त्यावर एक अक्षरही छापले नाही. इतके श्रम पुराव्याअभावी बाजूला ठेवायला फार मोठी सचोटी लागते. आज विद्यापीठांतून छापून येणाऱ्या प्रबंधांचे ढीग पाहिले की हे अधिकच जाणवते.

१९०६च्या अखेरीस जोझेफ वेर्टहाइमर निवृत्त झाले आणि सामान्य भाषाविज्ञानाचा विषय सोस्यूरच्या गळ्यात पडला. त्याने तीन वेळा हा अभ्यासक्रम शिकवला. १९०७, १९०८-०९ आणि १९१०-११. वर्गात फार तर डझनभर मुले. या खोलीत जे बोलले गेले, त्यावर पुढे शंभर वर्षे वाद चालले.

त्याचा पहिला मुद्दा साधा होता. शब्द म्हणजे वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी नव्हे. ध्वनीची प्रतिमा आणि कल्पना यांच्या जोडीला त्याने चिन्ह म्हटले आणि ही जोडी कोणत्याही नैसर्गिक कारणाविना जुळलेली असते असे सांगितले. ‘झाड’ या ध्वनींत झाडासारखे काही नाही. ध्वन्यनुकारी शब्दांचे काय, असे कोणी विचारील. आपला कोंबडा ‘कुकूचकू’ करतो, फ्रेंच कोंबडा ‘कोकोरिको’ करतो. कोंबडे मात्र सारखेच ओरडतात.

खरा गाभा पुढे आहे. चिन्हाला स्वतःचे असे काही मोल नसते, ते शेजारच्या चिन्हांहून वेगळेपणातून येते. मराठीतले उदाहरण घेऊ. ‘आम्ही उद्या जाणार’ आणि ‘आपण उद्या जाणार’ यांत ऐकणारा धरला आहे की नाही, हा फरक आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा इंग्रजीच्या ‘वुई’मध्ये तो नाही. म्हणजे ‘आम्ही’चा अर्थ ‘आपण’ने आखून दिलेला आहे, ‘आपण’ उद्या भाषेतून गेला तर ‘आम्ही’ अक्षराने तोच राहूनही बदलेल. ध्वनींचेही तेच. ‘वेल’ आणि ‘वेळ’ वेगळे ठरतात, कारण ‘ल’ आणि ‘ळ’ यांत मराठी फरक करते. जी भाषा तो करत नाही, तिच्या भाषकाच्या कानाला हे दोन आवाज वेगळे वाटले तरी अर्थाला काही फरक पडणार नाही. भाषेत आहेत ते केवळ भेद.

यातूनच भाषेची व्यवस्था आणि प्रत्येकाचे प्रत्यक्ष बोलणे हे वेगळे मानावे, आणि एका काळातली व्यवस्था व तिचा इतिहास यांची गल्लत करू नये, हे त्याचे पुढचे दोन भेद निघतात. बुद्धिबळाचा डाव अर्ध्यावर पाहायला आलेल्या माणसाला आधीच्या खेळ्या ठाऊक नसल्या तरी पटावरची स्थिती पूर्ण कळते, हा त्याचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. ‘पगार’ आणि ‘चावी’ पोर्तुगीजांकडून आले हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे महिन्याच्या पहिल्या तारखेला काहीच अडत नाही.

पण ही सारी मांडणी त्याला स्वतःला पुरती पटली होती का? मे १९११ मध्ये एका विद्यार्थ्याजवळ त्याने मन मोकळे केले. विषय सगळ्या शंकांसकट मांडावा तर तो परीक्षा देणाऱ्या मुलांना झेपणार नाही, आणि सोपा करावा तर खोटा ठरेल, अशा पेचात तो होता. वर्गासाठी केलेली टिपणे तो फाडून टाकत असे. १९१२ मध्ये प्रकृती ढासळली आणि २२ फेब्रुवारी १९१३ रोजी व्युफ्लाँ येथे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी तो निवर्तला.

शार्ल बाली आणि आल्बेर सेशए या सहकाऱ्यांना त्याच्या कपाटांत उपयोगाचे फारसे काही मिळाले नाही. विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून, आल्बेर रिडलिंजर या एका श्रोत्याच्या मदतीने, त्यांनी तिन्ही अभ्यासक्रमांचे एक पुस्तक बांधले. त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यावाचून सोस्यूर हे नाव हित्तीच्या अभ्यासकांपलीकडे गेले नसते. परंतु त्यांनी क्रम बदलला. तिसऱ्या अभ्यासक्रमात सोस्यूर आधी जगातल्या अनेक भाषा, त्यांचा भूगोल आणि इतिहास यांविषयी बोलला होता आणि मग व्यवस्थेकडे वळला होता. संपादकांनी व्यवस्थेला अग्रस्थान दिले. भाषेचा अभ्यास केवळ भाषेपुरता आणि तिच्यासाठीच करावा, असे बजावणारे ग्रंथातले शेवटचे वाक्य तर कोणत्याही वहीत सापडत नाही. बोलणारा माणूस आणि समाज यांना सोस्यूरने वगळले, हा पुढच्या टीकाकारांचा आक्षेप बराचसा या संपादनावर जातो, असे माझे मत आहे. प्रत्यक्ष बोलण्याच्या अभ्यासावरही बोलण्याचा त्याचा मानस होता. ते राहून गेले.

पुस्तकाची वाट मात्र लांबची ठरली. सर्वांत आधी ते १९२८ मध्ये जपानीत गेले, इंग्रजीत १९५९ मध्ये. रोमान याकबसन यांच्याकरवी त्यातला विचार मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्त्रोस यांच्यापर्यंत पोहोचला आणि नातेसंबंध, मिथके, पाककृती, कपडे असे सारे काही चिन्हांच्या व्यवस्थेसारखे वाचले जाऊ लागले. रोबेर गोदेल यांनी १९५७ मध्ये मूळ हस्तलिखितांकडे लक्ष वेधले आणि छापील सोस्यूर व बोलका सोस्यूर यांतले अंतर दिसू लागले.

१९९६ मध्ये जिनिव्हातील सोस्यूर घराण्याच्या वाड्यात, संत्र्यांची झाडे हिवाळ्यात ठेवण्यासाठी बांधलेल्या काचगृहात, कागदांचा एक गठ्ठा सापडला. त्यांत भाषेच्या दुहेरी स्वरूपावरील एका ग्रंथाचा मसुदा होता. बाली आणि सेशए यांच्या हाती जे लागले नव्हते ते हेच. २००२ मध्ये तो पॅरिसमध्ये छापला गेला. त्यातली कितीतरी वाक्ये अर्ध्यावर तुटलेली आहेत आणि जिथे नेमकी संज्ञा हवी तिथे सोस्यूरने कोरी जागा सोडलेली आहे.